अवघडपणाची आणेवारी

पियानोच्या शिक्षणात एक मुक्काम असा येतो की जेथे शिक्षकाने समोर ठेवलेली रचना निमूटपणे घोटण्याचा शिरस्ता संपतो, आणि पुढे कोणत्या रचनेला हात घालावा याचा निर्णय बव्हंशी वादकाच्या स्वतःच्या विवेकावर येऊन पडतो. तोवरच्या रचना दोन-तीन पानांच्या, महिन्या-दीड महिन्याच्या मुदतीत पुऱ्या होणाऱ्या असतात. निवड चुकली तरी नुकसान तेवढ्यापुरतेच होते. परंतु शोपँचे बॅलड, लिस्टची एट्यूड किंवा बीथोव्हनची उत्तरकालीन सोनाटा हाती घेणे म्हणजे सहा महिने, कित्येकदा सबंध वर्ष, त्या एका रचनेच्या नावे लावून देणे होय. एवढा मोठा व्यवहार बहुतेक वादक एखाद्या ध्वनिमुद्रिकेच्या मोहावर करून टाकतात, ही गोष्ट मला चिंतेची वाटते. रचना शिकण्यापूर्वी तिच्या अवघडपणाची आकारणी करता येते, आणि ती नीट केली असता रचनेवरचे प्रेम उणे न होता अधिक डोळस होते, असे माझे मत आहे.

रागसंगीतावर पोसलेल्या श्रोत्याला ही कल्पना प्रथमदर्शनी परकी वाटण्याचा संभव आहे. ख्यालाची बंदिश कागदावर चार ओळींत मावते. तिचा खरा अवघडपणा गायक तिचा जो विस्तार करील त्यात असतो, आणि तो विस्तार गाण्यापूर्वी कोठेच लिहिलेला नसतो. युरोपीय पियानोसंगीताची स्थिती याच्या उलट आहे. कोणता स्वर, किती काळ, किती जोराने आणि कोणत्या लयीत वाजावयाचा याचा सारा तपशील संगीतकाराने आधीच कागदावर नोंदवून ठेवलेला असतो. सबब अवघडपणाचा पुष्कळसा भाग वाजवण्यापूर्वीच वाचता येण्याजोगा असतो, मात्र तो कोठे शोधावा हे वाचणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

दाखल्यासाठी शोपँचे पहिले बॅलड घेऊ. जी मायनरमधील ही रचना, ओपस 23, 1836 साली प्रसिद्ध झाली. तिचे 264 बार वाजवण्यास सुमारे नऊ मिनिटे लागतात, आणि वरच्या पायरीवर पोहोचलेल्या विद्यार्थ्यांना हिच्याइतकी ओढ क्वचितच दुसऱ्या एखाद्या रचनेची असते. प्रारंभी दोन्ही हात एकाच स्वरावलीने संथपणे वर चढतात, सातव्या बारात एका बेचैन कॉर्डवर थबकतात, आणि आठव्या बारापासून मुख्य सूत्र सुरू होते. हे सूत्र मध्यम लयीचे आणि बाह्यतः इतके साधे आहे की चार-पाच वर्षे पियानो वाजवलेला मनुष्य पहिल्याच बैठकीत, चाचपडत का होईना, त्यातून मार्ग काढू शकतो. पुढे ई फ्लॅट मेजरमधील दुसरे सूत्र येते तेव्हा तर त्याच्या हळुवारपणाने वादक निर्धास्तच होतो, आणि ही रचना आपल्या आटोक्यातील आहे असे मनाशी ठरवून टाकतो. आणि मग, सात-साडेसात मिनिटांचा प्रवास झाल्यावर, 208 व्या बारावर ‘प्रेस्तो कॉन फुओको’, अतिद्रुत आणि अग्नीच्या आवेशाने, असा हुकूम येतो, आणि अखेरपर्यंतच्या 57 बारांत, म्हणजे ‘कोडा’ या समारोपाच्या भागात, रचनेचे स्वरूपच पालटते. उजव्या हाताच्या भरगच्च स्वरपुंजांवरचा जोर अपेक्षित मात्रेवर न पडता बाजूला सरकून पडतो. डाव्या हाताला खर्जातला एकेक स्वर आणि वरची कॉर्ड यांच्यामध्ये अखंड झेपा घ्याव्या लागतात. शेवटाकडे दोन्ही हातांच्या वेगवान धावा आणि परस्परविरुद्ध दिशांनी जाणारे ऑक्टेव्ह येतात. हा सारा मामला जेमतेम दीड मिनिटाचा आहे. पण बॅलड येते की येत नाही याचा निकाल तेथेच लागतो.

उभ्या पिकाची आणेवारी ठरवण्याची जी पद्धत आपल्याकडे महसूल खात्यात आहे, तिच्यात रस्त्याकडचे पीक पाहून आकडा घालणारा अंमलदार हटकून चुकतो. शेताच्या आत शिरून, नेमून घेतलेल्या लहानशा तुकड्यातील पीक प्रत्यक्ष कापून, मळून, वजन करून पाहिल्याखेरीज अंदाज विश्वसनीय होत नाही. संगीतरचनेचीही आणेवारी अशीच व्हावयास हवी. पहिले पान हे रस्त्याकडचे पीक आहे. आकारणी करणाऱ्याने प्रथम सबंध रचना डोळ्यांनी वाचावी, वाद्यावर न बसता वाचावी, आणि पेन्सिलीने तिच्यातील पाच-सहा सर्वांत कठीण जागा मुक्रर कराव्यात. नंतर त्यातील एकेका जागेचे दोन बार, केवळ दोनच, कापणीस घ्यावेत.

ही कापणी कोणत्या लयीत करावयाची, हा या प्रकरणातील कळीचा मुद्दा आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे बहुतेकांची आकारणी येथेच फसते. नवी रचना संथ लयीत चाचपून पाहण्याची सवय सर्वांनाच असते, आणि संथ लयीत जगातील जवळजवळ प्रत्येक रचना वाजवता येते. संथ लयीत हाताला प्रत्येक स्वरापाशी थांबून पुढची पट्टी पाहण्यास अवकाश मिळतो, प्रत्येक बोट स्वतंत्रपणे उचलता येते, बोटांचा कोणताही वेडावाकडा क्रम चालून जातो. द्रुत लयीत ही हालचाल केवळ जलद होते असे नव्हे, तर तिचा प्रकारच बदलतो: आठ-दहा स्वरांचा एक समूह बाहू, मनगट आणि बोटे यांच्या एकाच अखंड झोताने उमटावा लागतो, झेपेच्या वेळी डोळ्यांची मदत मिळत नाही, आणि जो बोटांचा क्रम संथ लयीत सोयीचा होता तोच अडथळा बनतो. म्हणून निवडलेले दोन बार, प्रथम एकेका हाताने, रचनेच्या अंतिम लयीत किंवा तिच्या अगदी जवळच्या लयीत वाजवून पाहावेत. स्वर चुकतील, त्यांची पर्वा करू नये. हाताला ती हालचाल ओळखीची वाटते की नाही, आणि दहा-बारा आवर्तनांनंतर मनगट मोकळे राहते की आवळत जाते, एवढेच पाहावे. हा प्रयोग पंधरा दिवस रोज थोडा थोडा करावा. पंधरवड्याच्या अखेरीस ते दोन बार तीन-चतुर्थांश लयीत हात न आवळता निघू लागले, तर ती जागा अभ्यासाने साधणारी आहे असे धरण्यास हरकत नाही. पहिल्या दिवशी जो ताण होता तोच पंधराव्या दिवशीही कायम असेल, तर तेथे मेहनतीची उणीव नसून पूर्वतयारीची उणीव आहे, आणि ती त्या रचनेत भरून निघणार नाही.

अंतिम लय कोणती हे ठरवणेदेखील आकारणीचाच भाग आहे. मेल्झेलने लय मोजणाऱ्या मेट्रोनोमचे पेटंट घेतले 1815 साली. त्यानंतर थोड्याच वर्षांनी बीथोव्हनने आपल्या ‘हामरक्लाव्हियर’ सोनाटेच्या प्रारंभी मिनिटाला 138 अर्धस्वर असा आकडा घातला. त्याच्या 32 पियानो सोनाटांपैकी मेट्रोनोमचे आकडे त्याने दिलेली ही एकच होय, आणि तो आकडा इतका चढा आहे की थोर वादकांपैकीही पुष्कळजण त्याहून संथ वाजवतात. एकच कागद, परंतु 138 ला वाजवावयाचा असेल तर एक अवघडपणा, आणि 110 ला वाजवावयाचा असेल तर दुसराच. लय न ठरवता केलेल्या आकारणीला म्हणूनच काही अर्थ नसतो.

डोळा किती फसवतो याची उदाहरणे हवी असल्यास शोपँकडेच पुन्हा यावे. त्याचे मरणोत्तर, 1855 साली, प्रसिद्ध झालेले फँटेसी-इम्प्रॉम्प्ट्यू उघडले की पान काळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेले दिसते. पण उजव्या हाताचे ते ओघ हाताच्या नैसर्गिक ठेवणीत बसणारे आहेत, आणि तेथील अडचण मुख्यतः लयीची आहे: उजव्या हाताच्या चार स्वरांच्या अवकाशात डाव्याला तीन वाजवावयाचे असतात. उलट, ओपस 10 मधील दुसरी एट्यूड वरवर पाहता केवळ क्रमाने सरकणारी स्वरमालिका आहे, परंतु ती मालिका उजव्या हाताच्या मधल्या बोटाने, अनामिकेने आणि करंगळीने वाजवावयाची, आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी खालच्या कॉर्ड धरावयाच्या असल्याने ती त्या साऱ्या संग्रहातील अत्यंत बिकट रचनांपैकी एक ठरते. तीच गोष्ट स्केलींची. हार्मोनियम शिकणारे मूल पांढऱ्या पट्ट्यांपासून आरंभ करते, आणि काळ्या पट्ट्यांचे पान वाचताना विद्यार्थी बिचकतो. परंतु शोपँ आपल्या शिष्यांना प्रथम बी मेजर स्केल देत असे, कारण तिच्यात लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर व आखूड बोटे पांढऱ्यांवर आपोआप येतात, आणि वाचावयास सर्वांत सोपी असलेली सी मेजर तो शेवटी ठेवी. वाचनाचा अवघडपणा आणि वादनाचा अवघडपणा ही दोन भिन्न खाती आहेत. त्यांचा जमाखर्च एकत्र मांडू नये.

आणखीही खाती आहेत. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या 1722 च्या पहिल्या भागातील सी शार्प मायनर फ्यूग घ्या: लय संथ, झेपा नाहीत, डोळे दिपवणारे काही नाही, आणि तरीही दहा बोटांवर पाच स्वतंत्र स्वरप्रवाह एकाच वेळी, प्रत्येकाची गायकी अबाधित ठेवून, चालवावयाचे असतात. हा अवघडपणा हाताचा कमी आणि कानाचा अधिक. तो अजमावण्यासाठी पाचांपैकी एक प्रवाह स्वतः गावा आणि उरलेले वाजवावेत. ज्याला हे दोन बारही साधत नाही, त्याच्यासाठी ती फ्यूग अद्याप दूर आहे. मोझार्टच्या सोनाटा मुलांना सोप्या आणि कलावंतांना कठीण जातात असे पियानोवादक आर्थर श्नाबेल म्हणत असे, आणि ते शब्दशः खरे आहे. तेथे स्वर इतके विरळ असतात की एखादाही किंचित जड पडला तर लपावयास जागा नसते. अशा रचनेची परीक्षा आपण वाजवलेल्या आठ बारांचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकून करावी. हाताला विचारून तिचे उत्तर मिळत नाही.

दमाचे प्रकरण मात्र सर्वस्वी निराळे. शूबर्टच्या ‘एर्लक्योनिग’ या गीताच्या पियानो-साथीत उजव्या हाताला एकाच स्वराचे ऑक्टेव्ह तीन-तीनच्या गटांत जवळजवळ अथपासून इतिपर्यंत ठोकावे लागतात. त्यातील एक बार वाजवणे कोणालाही जमेल. चार मिनिटे वाजवणे हा दुसराच प्रश्न आहे. अशा ठिकाणी दोन बारांच्या कापणीने भागत नाही, एक सबंध पान वाजवून पाहावे लागते. बॅलडच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवावे की तो कोडा ताज्या हाताने वाजवावयाचा नाही. ई फ्लॅट मेजरमधील सूत्राचे दोन प्रचंड उद्रेक पार पाडून थकलेल्या हाताने वाजवावयाचा आहे.

आता हाताविषयी. आधुनिक पियानोवर एका ऑक्टेव्हची रुंदी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असते, आणि ती वादकाच्या हाताचे माप घेऊन ठरवलेली नाही. रहमानिनॉफचा हात विलक्षण मोठा होता, आणि 28 नोव्हेंबर 1909 रोजी न्यूयॉर्क येथे त्याने प्रथम वाजवलेला तिसरा कन्चेर्टो त्याच हाताने लिहिला गेला. ती रचना ज्याला अर्पण केली तो योसेफ हॉफमन त्या काळातील अग्रगण्य वादक असून त्याचे हात लहान होते, इतके की स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले. त्याने तो कन्चेर्टो जाहीररीत्या कधीच वाजवला नाही. याच्या शेजारी अलिसिया द लारोचाचे उदाहरण ठेवावे: पाच फुटांहूनही कमी उंचीच्या या स्पॅनिश वादिकेने तोच कन्चेर्टो वाजवला आणि ध्वनिमुद्रितही केला. हाताच्या मापावरून निकाल घाईने देऊ नये, हा याचा अर्थ. पण जेथे कॉर्ड हातात मावत नाही तेथे ती कशी मोडावयाची, कोणता स्वर दुसऱ्या हाताकडे द्यावयाचा, याची तजवीज शिकण्यापूर्वी झाली पाहिजे, हाही याचाच अर्थ. ताण सहन करून हात वाढत नाही. स्क्रियाबिनने तरुणपणी लिस्टची ‘डॉन जुआन’ फँटसी व बालाकिरेव्हचे ‘इस्लामेय’ यांच्या अतिरिक्त अभ्यासाने उजवा हात दुखावून घेतला, आणि त्या काळाचे स्मारक म्हणून केवळ डाव्या हातासाठी लिहिलेली त्याची ओपस 9 आपल्यापुढे आहे. शूमानला तर उजव्या हाताच्या बोटाच्या विकारामुळे वादकाची कारकीर्दच सोडावी लागली. ज्या जागेत वेदना होते ती जागा, निदान त्या वर्षापुरती, आपली नव्हे असे समजावे.

काही रचनांत अवघडपणा हाच संगीतकाराचा हेतू असतो. राव्हेलने 1908 साली ‘गास्पार द ला न्वी’ लिहिताना त्यातील ‘स्कार्बो’ हे ‘इस्लामेय’हून कठीण व्हावे असा इरादा उघडपणे बोलून दाखवला होता. परंतु मला अधिक उद्बोधक वाटते ते लिस्टचे वर्तन. ‘ला काम्पानेला’ ही त्याची प्रसिद्ध एट्यूड प्रथम 1838 मध्ये लिहिली गेली, आणि 1851 मध्ये त्याने ती नव्याने लिहिली. ‘ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स’चीही 1830 नंतरच्या दशकातील आवृत्ती त्याने 1852 मध्ये फिरवली. दोन्ही वेळी त्याने कित्येक जागा सौम्य केल्या, हाताचे फाजील ताण काढले, आणि आश्चर्य असे की त्यामुळे परिणाम उणावला नाही, उलट ध्वनी अधिक स्वच्छ झाला. जो अवघडपणा कानाला काहीच देत नाही तो नाहक आहे, असा निवाडा त्या काळच्या सर्वश्रेष्ठ वादकाने स्वतःच्या रचनांविरुद्ध दिला. नवी रचना घेणाऱ्याने प्रत्येक कठीण जागेला हाच प्रश्न विचारावा, आणि आपल्या हाती कोणत्या सालची आवृत्ती आहे हेही अवश्य पाहावे.

वाद्याचा विचार बहुधा कोणी करीत नाही. बीथोव्हनच्या ‘वाल्डस्टाइन’ सोनाटेच्या अखेरीस एका हाताने ऑक्टेव्ह घसरवत नेण्याच्या जागा आहेत. 1804 च्या सुमाराच्या व्हिएनीज पियानोच्या हलक्या, उथळ पट्ट्यांवर ते सहज साधत असे, आजच्या जड पट्ट्यांवर तेच काम बोटांची साले काढणारे आहे, आणि पुष्कळ वादक तेथे दोन्ही हातांची योजना करतात. एकाच स्वराची द्रुत पुनरुक्ती मागणाऱ्या रचना, ‘ला काम्पानेला’ किंवा ‘स्कार्बो’, पियानो बनवणाऱ्या एरारने 1821 साली पेटंट घेतलेल्या यंत्रणेवर अवलंबून आहेत, ज्यामुळे पट्टी पुरती वर येण्यापूर्वीच पुन्हा दाबता येते. ही यंत्रणा ग्रँड पियानोत असते. भिंतीलगतच्या उभ्या पियानोत सामान्यतः नसते. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत बहुसंख्य वादकांपाशी उभाच पियानो असतो, आणि कोकणपट्टीत व गोव्यात पावसाळ्यात लाकूड व नमदा फुगून पट्ट्या जड होतात. जे आपल्याला येत नाही असे वाटते ते कदाचित वाद्यालाच येत नसेल. एखाद्या चांगल्या ग्रँडवर तासभर बसण्याची संधी मिळवून मगच निकाल करावा.

प्रकाशकांनी व परीक्षामंडळांनी दिलेल्या श्रेणींचे काय? म्युनिकच्या हेन्ले प्रकाशनाने आपल्या रचनांना 1 पासून 9 पर्यंत आकडे दिले आहेत. ट्रिनिटी कॉलेज व असोसिएटेड बोर्ड या लंडनच्या मंडळांच्या आठ ग्रेड आपल्याकडील विद्यार्थ्यांना परिचितच आहेत. हे आकडे जाणकारांनी दिलेले असून प्राथमिक चाळणीसाठी उपयोगी आहेत. पण आठवी ग्रेड उत्तीर्ण होणे म्हणजे शिखर गाठणे, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. बॅलडसारख्या रचनांचा प्रदेश तेथून पुढे सुरू होतो.

शेवटी मुदत. ‘गार्डियन’ या इंग्रजी दैनिकाचे तत्कालीन संपादक ॲलन रसब्रिजर यांनी, हौशी वादक असताना, हेच जी मायनर बॅलड रोज सुमारे वीस मिनिटांच्या अभ्यासाने एका वर्षात शिकण्याचा संकल्प केला, आणि त्याची साद्यंत हकीकत 2013 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. एका वर्षाची मुदत त्यांना पुरली नाही, ती वाढवून घ्यावी लागली. तथापि अखेर त्यांनी ते लोकांसमोर वाजवले. आपल्याला रोज खरोखर किती वेळ मिळतो याचा प्रामाणिक आकडा घ्यावा, त्यावरून महिन्यांचा हिशेब करावा, आणि मग त्यात निम्म्याची भर घालावी, कारण पाठांतर आणि मधल्या काळात विसरलेल्याची फेरतपासणी या दोन बाबी कोणीच धरीत नाही.

जी मायनर बॅलडपुरता माझा सल्ला स्पष्ट आहे. 208 व्या बारापासूनचे चार बार एक पंधरवडा कापणीस घ्या. मनगट मोकळे राहिले तर निःशंकपणे आरंभ करा, आणि तो आरंभ कोड्यापासूनच करा, म्हणजे सर्वांत कठीण भागाला सर्वांत अधिक महिने मिळतील. मनगट आवळले तर चार बॅलडपैकी पुष्कळ शिक्षक तुलनेने सुकर मानतात ते ए फ्लॅट मेजरमधील तिसरे, ओपस 47, हाती घ्या, त्याच्या जोडीला ओपस 10 मधील एखादी एट्यूड वर्षभर चालवा, आणि मग तेच चार बार पुन्हा वाजवून पाहा.